रयतेचे दप्तर

महाडहून निघालेली एस. टी. नाते, कोंझर ही गावे मागे टाकून पाचाडला पोहोचली, म्हणजे उतारूंची दृष्टी आपसूक वर, रायगडाकडे वळते. आणि ज्यांची पावले गावात घटकाभर थांबतात ती राज्याभिषेकाला पंधरवडाही लोटला नव्हता तोच, 17 जून 1674 रोजी, देह ठेवणाऱ्या जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी थांबतात. हे यथायोग्यच आहे. परंतु त्याच वाटेने डोईवर भारा घेऊन जाणारी कुणबीण सोबतिणीशी जे बोलत असते, त्याकडे कान द्यावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते ज्यांच्या मनात आले, त्यांच्या डेक्कन कॉलेज या विद्यापीठाचा आणि तेथील अध्यापकांच्या कामगिरीचा हा परिचय आहे.

राज्य साहित्य संस्कृती मंडळाने मराठी बोलींच्या पाहणीची जी ग्रंथमाला काढली, तिच्यात 1966 साली महाडच्या कुणबी बोलीवर एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्याचे कर्ते अ. मा. घाटगे हे प्राकृत भाषांचे गाढे पंडित, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे प्रधान संपादक. अर्धमागधीच्या पोथ्यांत आयुष्य वेचलेल्या विद्वानाला सावित्रीखोऱ्यातील शेतकऱ्याच्या उच्चारांचे आणि विभक्तिरूपांचे व्याकरण मांडावेसे वाटले, यात अपवादात्मक असे काही नव्हते; ज्या संस्थेशी त्यांचे नाव पुढे जोडले गेले तिचा स्वभावच तसा घडत आला होता.

या संस्थेचे मूळ 1821 साली, पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, गव्हर्नर एल्फिन्स्टनने दक्षिणा-निधीतून विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पुढे तिचे महाविद्यालय झाले, येरवड्याच्या बाजूस तिची दगडी इमारत उभी राहिली, आणि 1934 मध्ये सरकारने ते महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, तिला यश आले, आणि 17 ऑगस्ट 1939 रोजी तेच कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. बरखास्तीच्या हुकुमातून असा नवा जन्म लाभल्याचे उदाहरण आपल्या विद्याक्षेत्रात विरळा.

आरंभीच्या त्या अध्यापकवर्गाकडे पाहिले म्हणजे एकाच छपराखाली किती निरनिराळ्या वाटा नांदत होत्या याचे नवल वाटते. भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे यांनी कोंकणीच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहिला, आणि 1948 साली ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचा संकल्प सोडला. समाजशास्त्राच्या इरावती कर्वे मोजमापाची साधने घेऊन गावोगाव हिंडल्या. मामा, आत्या, नणंद, भावजय या घरगुती शब्दांतून भारतीय नातेसंबंधांची रचना उकलणारा त्यांचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. पुरातत्त्वाचे ह. धी. सांकळिया यांनी नेवासे उकरले; पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरूर तालुक्यातील इनामगावी 1968 पासून पंधरा वर्षे मोसमामागून मोसम खणून, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे घर, त्याची चूल, त्याचे धान्य आणि त्याने घरातच पुरलेली लेकरे उजेडात आणली.

मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यं. शं. शेजवलकर यांची गोष्ट मात्र पाचाडकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. पानिपतावर 1946 साली निर्भीड ग्रंथ लिहिणाऱ्या या इतिहासकाराने शिवचरित्राचा विस्तीर्ण आराखडा आखला, साधने जमविली, प्रस्तावना सिद्ध केली; आणि 1963 मध्ये मृत्यूने त्यांना गाठले. मागे राहिलेली ती सिद्धता 1964 साली ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने छापली गेली, आणि 1966 मध्ये साहित्य अकादमीने तिचा गौरव केला. चरित्र लिहिले गेलेच नाही. त्याच्या पायाभरणीलाच पारितोषिक मिळाले.

अलीकडच्या काळातही ही परंपरा खंडित झालेली नाही. महाकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून टिपलेल्या, कोटीच्या घरातील चिठ्ठ्यांवर उभ्या असलेल्या या कार्याचे तीसहून अधिक खंड झाले, तरी ते अद्याप ‘अ’ या आद्याक्षराच्याच मुलखात आहे. हसू येण्याजोगी वाटणारी ही मंदगती वस्तुतः व्रताची गती आहे. पुरातत्त्वाचे वसंत शिंदे यांनी हरियाणातील राखीगढी येथे उत्खनन केले, आणि तेथील एका स्त्रीच्या अस्थींतून मिळालेल्या जनुकीय पुराव्याविषयीचा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 2019 साली प्रसिद्ध होऊन जगभर चर्चिला गेला. भाषाशास्त्र विभागाने सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, मराठीच्या बोलींची पाहणी नव्याने हाती घेतली; आता बोलणाऱ्याचा शब्द लेखणीने टिपून न थांबता त्याचा आवाजच ध्वनिमुद्रित होतो.

या सर्व विद्याशाखांचा हिशेब एकत्र मांडला, तर जमेच्या बाजूस एकच रक्कम ठळकपणे दिसते. राजाच्या कारभाराचे दप्तर असते, लढाईची बखर असते, राजमातेची समाधी असते. रयतेचा दाखला मात्र तिच्या बोलण्यात, तिच्या नात्यांच्या नावांत, तिच्या चुलीच्या राखेत आणि अखेरीस तिच्या हाडांत शोधावा लागतो. तो शोधण्याची रीत या अध्यापकांनी आपल्याला शिकवली, हीच त्यांची खरी विद्वत्ता. राखीगढीच्या त्या स्त्रीचे नाव कोणालाच ठाऊक नाही. परंतु तिच्यावाचून इतिहासाचे ते पान कोरेच राहिले असते.

या ऋणाची फेड अवघड नाही. घाटगे यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या तोंडचे शब्द त्यात आहेत त्यांची नातवंडे आज महाड-पोलादपूरच्या शाळांतून प्रमाण मराठी गिरवीत आहेत. आजीची बोली अशुद्ध नसून तिलाही व्याकरण आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. तालुक्यातील शिक्षकांनी त्या ग्रंथातील मजकूर मराठीत उतरवून, त्याची एक प्रत प्रत्येक शाळेच्या कपाटात ठेवावी. आणि पाचाडच्या मुलांनी ती आजीपुढे मोठ्याने वाचून, कोणता शब्द अजून चालतो आणि कोणता मागे पडला, एवढे समासात नोंदवून ठेवावे.