डिझेलवर कुणाचं नाव?

संपादकांनी विषय दिला होता तो विमानांचा. अमेरिकेत हौशी वैमानिक आपल्या छोट्या विमानांतून दूरगावच्या रुग्णांना फुकट इस्पितळात पोचवतात. ‘एंजल फ्लाइट वेस्ट’ ही संस्था १९८३पासून रुग्ण आणि वैमानिक यांची गाठ घालून देते. चार आसनांचं विमान तासाला तीसेक लिटर इंधन पितं. त्या इंधनाचे पैसे वैमानिकाने घ्यावेत का, इथे घोडं अडलं होतं. खासगी परवाना असलेल्याला मोबदला घेता येत नाही आणि इंधनखर्चही मोबदल्यातच धरला जाई. २०१२च्या कायद्याने अशा सेवेपुरती ती अडचण दूर केली.

हे वाचलं आणि मी खंडाळ्याची गाडी पकडली. आपल्याकडे रुग्णांसाठी विमान उडवणारे हौशी लोक मला ठाऊक नाहीत. पण रात्री दोनला फोन वाजला की अंथरुणातून उठून दरीत उतरणारी पोरं इथे आहेत.

बोरघाटाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. वाट दाखवणारा शिंगरोबा धनगर, १८६३ची रेल्वे, २००२मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. अपघातांचा इतिहास मात्र लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ आणि खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या पथकांच्या हातापायांवर लिहिलेला आहे. १५ एप्रिल २०२३च्या पहाटे शिंगरोबा मंदिराजवळ झांज पथकाची बस दरीत गेली. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. ‘आम्ही येतो’ म्हणणारे दरवेळी होतेच, आणि एका पैशाचं बिल कुणाला गेलं नाही.

घाटातल्या अशाच एका पथकातल्या स्वयंसेवकाने मला दोर समजावून सांगितला. या माणसाकडे मी तासभर पाहत राहिलो. दिवसा नोकरी, संध्याकाळी दोर तपासणं. अकरा मिलिमीटरचा, जवळजवळ न ताणणारा दोर तो वीतवीत बोटांतून सरकवतो. डोळे दुसरीकडे असले तरी बोटांना आतली गाठ, मऊ पडलेली जागा, उसवलेलं आवरण कळतं. शंका आली की दोर बाद, मग तो कितीही नवा असो. नंतर त्याने कप्प्या लावून दाखवल्या. दोर दरीतून वर येतो, एका कप्पीवरून मागे वळतो, दुसरीवरून पुन्हा पुढे येतो. शंभर किलोचं स्ट्रेचर मग तेहतीस किलोच्या ओढीने उचललं जावं, असा हिशेब. घर्षण धरलं तर चाळीस किंवा त्याहून थोडं जास्त. पण बदल्यात एक मीटर वर आणायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. नागफणीसारख्या कड्यावर, शंभर मीटर दरीतून माणूस काढायचा तर तीनशे मीटर दोर हातांखालून जातो. पावसात, धुक्यात, मध्येमध्ये कप्प्या पुन्हा मागे सरकवत. एवढं साधं यंत्र आणि त्याला केवढी माणसं लागतात, हे पाहून मी गप्प झालो.

पण दोर कड्यापर्यंत पोचायला आधी गाडी लागते. लोणावळ्याहून कुंडमळा तीसेक किलोमीटर, तेवढंच परत. शोध दोनतीन दिवस लांबला की फेऱ्या वाढतात. शिवाय प्रत्येकाची दुचाकी वेगळी, तिचं पेट्रोल स्वतःच्या खिशातलं. दोर, हेल्मेट, स्ट्रेचर द्यायला लोक पुढे येतात. त्यावर नाव घालता येतं, फोटो निघतो. डिझेल जळून जातं, त्यावर कुणाचं नाव लागत नाही.

कायदाही इथे आखडता हात घेतो. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या पैशाला जुन्या करप्रणालीत सवलत मिळते, पण स्वयंसेवकाने स्वतःच्या टाकीत ओतलेलं पेट्रोल देणगी ठरत नाही. अमेरिकेत निदान ते करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. अपघातग्रस्ताला वेळेत इस्पितळात नेणाऱ्यासाठी केंद्राची ‘राह-वीर’ योजना आहे, २५,००० रुपयांची. चांगली योजना. पण कुणाच्या तरी मुलाचा मृतदेह दरीतून दोन दिवस शोधून काढणारा तिच्यात बसत नाही, आणि घाटातलं पुष्कळ काम तेच असतं.

वेळ आणि कसब ही पोरं आनंदाने देतात, ते विकत घ्यायचा प्रश्न नाही. पण त्यांच्या टाकीचा भार त्यांच्या घरच्या किराण्यावर पडू नये. पोलिसांनी बोलावलेल्या प्रत्येक फेरीचं इंधन जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने भरावं. पंपावर दाखवायची एक चिठ्ठी पुरे. ती व्यवस्था होईपर्यंत, या पावसाळ्यात राजमाची पॉइंटवर, भुशीवर, लोहगडावर जाऊन सुखरूप घरी आलात, तर आपल्या भागातल्या बचाव पथकाला एका टाकीचे पैसे पाठवा आणि पावतीवर आवर्जून लिहून घ्या : इंधनासाठी.