घरात आलेला संगणक : खरेदीनंतरचा हिशेब

नवे उपकरण घरात येते तो दिवस लहानशा सणासारखा असतो. खोके उघडले जाते, तारा जोडल्या जातात, पडदा उजळतो आणि घरातील सर्व मंडळी त्याभोवती जमतात. संगणक, लॅपटॉप, टॅब्लेट अथवा स्मार्टफोन यांची हौस असलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. परंतु उपकरणाची खरी परीक्षा त्या दिवशी होत नाही. ती पुढील पाच-दहा वर्षांत वीज, भाषा, जोडणी, दुरुस्ती आणि विल्हेवाट या पाच ठिकाणी होत असते. दुकानातील किंमत एकदाच मोजावी लागते. या पाच बाबींचा खर्च मात्र कुटुंबाला आणि देशालाही सातत्याने सोसावा लागतो. माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराचा विचार करताना किती यंत्रे विकली गेली एवढेच पाहिले, तर हा दुसरा हिशेब नजरेआड होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच आढावा घेतला आहे.

चैनीच्या वस्तूपासून घरगुती वस्तूपर्यंत

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले व संगणक आणि त्याचे सुटे भाग यांच्या आयातीवरील बंधने सैल केली. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर हा मार्ग अधिक रुंद झाला. माहिती तंत्रज्ञान उत्पादनांवरील सीमाशुल्क रद्द करण्यासंबंधीचा करार जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर १९९६ च्या सिंगापूर परिषदेत झाला. १९९७ मध्ये भारत त्यात सहभागी झाला आणि करारातील वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्यात आले.

याच काळात 'असेंबल्ड' संगणकाची बाजारपेठ बहरली. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट येथे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि हार्डडिस्क निरनिराळ्या दुकानांतून घेऊन आपल्या ऐपतीप्रमाणे संगणक जुळवून घेता येऊ लागला. मध्यमवर्गीय घरांत संगणकाचा प्रवेश मोठ्या प्रमाणावर याच दाराने झाला.

तरीही प्रसाराचा वेग मर्यादितच राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरदर्शन संच होता. संगणक किंवा लॅपटॉप मात्र ९.४ टक्के कुटुंबांकडे होता आणि त्यांतही इंटरनेट जोडणी असलेली कुटुंबे केवळ ३.१ टक्के होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण १०.७ टक्के आढळले. ग्रामीण भागात ते ४.४ टक्के, तर शहरी भागात २३.४ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे मात्र २३.८ टक्के होती. म्हणजेच बहुसंख्य भारतीयांची इंटरनेटशी ओळख संगणकाऐवजी मोबाईलच्या पडद्यावर झाली.

वीज : पहिला अदृश्य खर्च

संगणक घेताना दुकानदार 'यूपीएस घेणार ना?' असे विचारीत असे. अनेक घरांत हा प्रश्न अनपेक्षित असे. कारण त्याची किंमत अंदाजपत्रकात धरलेली नसे. वीज अचानक गेल्यास रॅममधील न साठवलेले काम नाहीसे होते आणि हार्डडिस्कवर लेखन चालू असल्यास धारिका बिघडू शकते. यूपीएसमधील बॅटरी तेवढी काही मिनिटे मिळवून देते. परंतु तीही काही वर्षांनी बदलावी लागते.

वीजवापराचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. मॉनिटरसह १५० वॅट वीज घेणारा संगणक दररोज ४ तास वापरल्यास ३० दिवसांत १८ युनिट वीज लागते (१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास). ५० वॅट घेणाऱ्या लॅपटॉपला तेवढ्याच वापरासाठी ६ युनिट पुरतात. शिवाय त्याची बॅटरी यूपीएसचेही काम करते. म्हणून अनियमित वीजपुरवठ्याच्या भागात महाग वाटणारा लॅपटॉप पुढे स्वस्त पडू शकतो. घरोघरी वीज पोहोचविण्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजना जाहीर झाली. मात्र वीजजोडणी असणे आणि योग्य दाबाची वीज अखंड मिळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे संगणक वापरणाऱ्याच्या चटकन लक्षात येते.

जोडणी : बिट आणि बाईट यांतील अंतर

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. घरगुती ग्राहक दूरध्वनीच्या तारेला मॉडेम जोडून इंटरनेट वापरीत. इंटरनेट चालू असताना घरातील दूरध्वनी व्यग्र राही आणि इंटरनेटच्या शुल्काबरोबर दूरध्वनीचे देयकही वाढत असे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. जोडणीचा वेग बिटमध्ये, तर धारिकेचा आकार बाईटमध्ये सांगितला जातो, आणि ८ बिट मिळून १ बाईट होतो. ५ मेगाबाईटचे एक गाणे म्हणजे ४ कोटी बिट. सेकंदाला ५६ किलोबिट या कमाल वेगाने ते उतरविण्यास सुमारे १२ मिनिटे लागत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरविला. त्या वेगाने हेच काम अडीच मिनिटांहून थोड्या अधिक वेळात होई. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. या वेगाने तेच गाणे सुमारे २० सेकंदांत उतरते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूचे जाळे नेण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क प्रकल्पास मंजुरी मिळाली. पुढे तोच 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला.

साठवणुकीच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. ५०० गिगाबाईटची नवी हार्डडिस्क जोडल्यावर पडद्यावर अनेकदा ४६५ हा आकडा दिसतो आणि ग्राहकाला फसवणुकीची शंका येते. वस्तुतः उत्पादक १ गिगाबाईट म्हणजे १०० कोटी बाईट धरतात, तर काही कार्यप्रणाली तोच शब्द २ च्या ३० व्या घातासाठी, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाईटसाठी वापरतात. डिस्क तेवढीच असते. मोजण्याचे माप बदललेले असते.

भाषा : एका हस्तलिखिताची गोष्ट

भाषेचा प्रश्न या पाचांपैकी सर्वांत कमी दिसणारा, परंतु सर्वांत खोल आहे. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९९८ मध्ये घरच्या नव्या संगणकावर आपल्या आठवणी मराठीत टंकलिखित करण्यास प्रारंभ केला. इटारसी, बिलासपूर, नागपूर अशा बदल्यांच्या गावांतील त्या आठवणी सुमारे दोनशे पानांच्या झाल्या व १.४४ मेगाबाईटच्या फ्लॉपींवर जपून ठेवल्या गेल्या. पुढे वडील निवर्तले. काही वर्षांनी त्या फ्लॉपी बाहेर काढल्या, तेव्हा घरातील नव्या संगणकाला फ्लॉपी ड्राईव्हच नव्हता. उसना ड्राईव्ह आणून धारिका उघडल्या, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन गर्दी उमटली.

याचे कारण तांत्रिक होते. संगणक अक्षर साठवीत नाही. तो अक्षराचा क्रमांक साठवितो. त्या काळातील अनेक देवनागरी टंकांत इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. ८ बिटांत २५६ क्रमांकच मावत असल्याने आणि प्रत्येक निर्मात्याने मांडणी आपल्या सोयीने केल्याने एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नसे. मूळ टंक हरवला की मजकुराचा अर्थही हरवे.

यावर प्रमाणीकरण हाच उपाय होता. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीकरणात महत्त्वाचे कार्य केले. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने 'इस्की' हे भारतीय लिप्यांसाठीचे संकेतमानक (आयएस १३१९४ : १९९१) स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ (षोडशमान पद्धतीत) हा १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात 'क' चा क्रमांक ०९१५, म्हणजे दशमान पद्धतीत २३२५ आहे. टंक कोणताही असो, हा क्रमांक बदलत नाही. विंडोज २००० या कार्यप्रणालीत देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला आणि त्यानंतर सामान्य वापरकर्त्यापर्यंत ही सोय हळूहळू पोहोचली.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. परंतु जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी साठविली जाई, तर युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार व्यंजनानंतर साठविली जाते. अर्धी अक्षरे आणि रफार यांचेही तसेच. त्यामुळे रूपांतरित मजकूर ओळीओळीने तपासावा लागतो. वडिलांनी सुदैवाने एक प्रत कागदावर छापून ठेवली होती. दोन फ्लॉपी मुळीच वाचल्या गेल्या नाहीत. तो भाग त्या कागदांवरून पुन्हा टंकलिखित करावा लागला. यंत्र अनेक वेळा बदलता आले, हस्तलिखिताची मात्र दुसरी प्रत नसती तर ते कायमचे गेले असते. हाच प्रश्न सरकारी कार्यालये, ग्रंथालये आणि नियतकालिके यांच्या जुन्या संगणकीय दस्तऐवजांपुढेही आहे.

स्वस्त उपकरणांचे धडे

सर्वसामान्यांसाठी स्वस्त उपकरण निर्माण करण्याचे प्रयत्न भारतात झाले. 'सिम्प्युटर' या हातात मावणाऱ्या संगणकाची कल्पना १९९८ मध्ये बंगळुरू येथे आकारास आली. त्यात भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांचा मोलाचा सहभाग होता. मुक्त लिनक्स प्रणाली, भारतीय भाषा आणि एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून स्मार्टकार्डची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये होती. २००४ मध्ये तो व्यापारी स्वरूपात बाजारात आला, परंतु त्याचा अपेक्षित प्रसार झाला नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' हा विद्यार्थ्यांसाठीचा टॅब्लेट सादर करण्यात आला. त्याचीही मजल मर्यादितच राहिली.

या प्रयत्नांना निव्वळ अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. भाषा, सामायिक वापर आणि परवडणारी किंमत हे योग्य प्रश्न त्यांनी वेळेआधी मांडले. मात्र कमी किमतीला पुरेसा वेग, दर्जेदार आशय, दुरुस्तीची सोय आणि प्रशिक्षण यांची जोड नसेल, तर उपकरण कपाटात पडून राहते, हा धडाही त्यांतून मिळाला. प्रशिक्षणाची उणीव भरून काढण्यासाठी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. ६ कोटी ग्रामीण व्यक्तींचे उद्दिष्ट असलेले हे अभियान ३१ मार्च २०२४ रोजी संपले, तेव्हा सुमारे ६.३९ कोटी व्यक्तींना प्रशिक्षण मिळालेले होते.

दुरुस्ती आणि विल्हेवाट

असेंबल्ड संगणकाचा एक मोठा गुण होता. रॅम बिघडली तर रॅम बदलता येई, संगणक नव्हे. आजच्या अनेक लॅपटॉप व फोनमध्ये स्मृती मूळ पाटीवरच डाग देऊन बसविलेली असते आणि बॅटरी चिकटविलेली असते. कधी यंत्र सुस्थितीत असूनही आज्ञावली त्याला निवृत्त करते. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविण्यात आले. तिची पुढील आवृत्ती मात्र अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षा सोय असलेल्या यंत्रांसाठीच आहे. अशा चालत्या संगणकांवर मुक्त लिनक्स प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढविता येते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी 'राईट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले.

यंत्र अखेर निकामी झाल्यावर ते बहुधा भंगारवाल्याकडे जाते. जुन्या जोडकामात शिसे, काही जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा, तर काही भागांत कॅडमियम असते. त्याचबरोबर तांबे आणि अल्प प्रमाणात सोनेही असते. दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे असंघटित कामगार तारा जाळून व पाट्या आम्लात बुडवून हे धातू काढीत आले आहेत. आपल्या सोयीची किंमत येथे दुसऱ्याच्या फुप्फुसांनी मोजलेली असते. २०११ चे ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यांची जागा २०१६ च्या आणि पुढे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांनी घेतली. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे या नियमांचे मुख्य सूत्र आहे. वस्तू विकणाऱ्याने तिच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

समारोप

घरगुती संगणकाच्या चार दशकांच्या वाटचालीत किमती उतरल्या, वेग वाढला आणि आकार लहान झाला. परंतु उपकरणाचे मालक होणे आणि त्याचा लाभ मिळणे यांतील अंतर वीज, जोडणी, भाषा, दुरुस्ती आणि विल्हेवाट यांच्या व्यवस्थेनेच भरून निघते. 'डिजिटल दरी' या संज्ञेचा अर्थही याच दृष्टीने घ्यावयास हवा. ज्याच्याकडे यंत्र नाही तो या दरीच्या पलीकडे आहेच. पण ज्याच्याकडे यंत्र असून वीज नाही, जोडणी असून स्वतःच्या भाषेतील आशय नाही, तोही तेथेच उभा आहे.

वडिलांच्या आठवणी आता युनिकोडमध्ये आहेत. त्यांच्या तीन प्रती केल्या आहेत : एक संगणकात, एक बाहेरील डिस्कवर आणि एक कागदावर. नवे उपकरण घेणाऱ्याने खरेदीच्या दिवशीच अशी तजवीज करावी. कारण यंत्र पुन्हा विकत मिळते, त्यात साठविलेले आयुष्य मिळत नाही.