पात्याचे पोलाद कसे निवडावे?

काही वर्षांपूर्वी मी हौसेने एक मिटता चाकू विकत घेतला. पाते चकचकीत, धार उत्तम! त्याने करवंटीतले खोबरे उचकटायला गेलो आणि टोक कट्कन तुटले. मी दुकानदारावर चिडलो. मग तुटलेले टोक कानशीने घासू लागलो, तर कानस पात्यावरून नुसती घसरू लागली. तेव्हा उमगले, की पोलाद वाईट नव्हते, उलट फारच कठीण होते. मी त्याला भलत्याच कामाला जुंपले होते.

पात्याकडून आपण तीन गोष्टी मागतो. धार टिकावी म्हणून ते कठीण हवे, आघाताने तुटू नये म्हणून चिवट हवे, आणि ते गंजू नये. पंचाईत अशी, की यांतली एक वाढवावी तर बहुधा दुसरी घटते.

काठिण्य येते कार्बनमुळे. पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि मधल्या जागांत कार्बनचे अणू सामावतात. तसेच ते तेलात किंवा पाण्यात बुडवले, की मांडणी पूर्ववत होऊ पाहते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या अणूंमुळे सारी रचना ताणली जाते आणि अणूंच्या थरांना एकमेकांवरून सहज सरकता येत नाही. लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतो ते हेच. असे पोलाद फार ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. दोनशे अंशांच्या पुढे त्यावर गवती पिवळा रंग येतो, तीनशेच्या सुमारास निळा. (साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे पातळ थराचे रंग, इथे थर ऑक्साइडचा.) पिवळ्यावर थांबले तर काठिण्य अधिक उरते, निळ्यापर्यंत गेले तर ते घटून पोलाद कमानीसारखे लवचीक होते.

कोयत्यासाठी लोहार ट्रकचा जुना कमानपाटा शोधतो, तो उगीच नव्हे. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. फांदीवर घाव घातला तरी पाते तुटत नाही. गंजते मात्र, तेलाचा हात फिरवावा लागतो.

गंजावरचा उपाय शेफील्डमध्ये सापडला. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत असता त्यांनी १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा हवा-पाण्याला आत शिरू देत नाही. त्याच्या सुऱ्या झाल्या, पण 'न कापणाऱ्या सुऱ्या' अशी त्यांची थट्टाही झाली.

तुम्ही म्हणाल, मग कार्बन वाढवावा! इथेच खरी गंमत आहे. कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण बनवतो. ते अतिशय कठीण असल्याने धार टिकते, पण त्यांत अडकलेले क्रोमियम पापुद्र्याच्या कामी येत नाही. 'डी-२' नावाच्या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के, म्हणजे ब्रिअर्लींच्या पोलादाइतकेच. पण कार्बन दीड टक्का. म्हणून ते निष्काळजीपणे ओले ठेवले तर डागाळते. '४४०-सी'मध्ये कार्बन एक टक्का, तर क्रोमियम १६ ते १८ टक्के घालावे लागते. तेव्हा नुसता क्रोमियमचा आकडा पाहून भुलू नका.

मिटत्या चाकूच्या बिजागरीत ओल आणि फळांचा रस साचतो, तेथे फडके पोचत नाही. त्याने घाव घालायचे नसतात, तेव्हा थोडा चिवटपणा सोडून गंजरोध घेणे शहाणपणाचे. प्रसिद्ध स्विस चाकूंच्या 'व्हिक्टोरिनॉक्स' या नावातले 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारे पोलादच. १९२१ साली ते नावात आले. त्यांच्या पात्याचे काठिण्य रॉकवेल सी मापावर ५६ च्या आसपास, तर '४४०-सी' ५८ ते ६० पर्यंत नेता येते. मग स्विस पाते कमी प्रतीचे का? मुळीच नाही. धार लवकर जाते, पण साध्या दगडावर चार हात फिरवले की परत येते. प्रवासात मला तर हेच बरे वाटते.

माझा तुटका चाकू शेवटी धारेच्या दगडावर घासून ठीक केला. त्याने अजून पेन्सिली आणि आंबे उत्तम कापले जातात. नारळासाठी घरी कोयता आहे.