१ युरोत इटलीत घर! पण जरा थांबा...

रील बघून जीव हरखतो: इटलीत घर, किंमत १ युरो! थाप नाहीये ही. सिसिली बेटावरच्या साम्बुका गावाने २०१९ मध्ये १६ पडकी घरं खरंच लिलावात काढली. बोली १ युरोपासून, म्हणजे तेव्हाचे ऐंशीएक रुपये. भोवती द्राक्षमळे, वायनरी, जवळच तलाव. अजून काय पाहिजे?

तर अटी वाचायला पाहिजेत. ५,००० युरो अनामत, तीन वर्षांत घराची डागडुजी आणि तिचा खर्च किमान १५,००० युरो. स्वस्त काय ते फक्त बोलीचा आकडा!

गावाची गरजही खरी आहे. १९६८ च्या भूकंपाने पडझड झाली, तरुण पोरं शहरांकडे गेली, घरांना कुलपं लागली. लिलावाची बातमी जगभर गाजल्यावर कित्येकांनी तिथली दुसरी घरं बाजारभावाने घेतली. २०२१ मध्ये गावाने पुन्हा लिलाव काढला, बोली २ युरोपासून. जाहिरात म्हणून आयडिया भन्नाटच.

आणि हो, घर घेतलं म्हणून तिथे राहायचा परवाना मिळत नाही. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बाकीचे दिवस घराला पुन्हा कुलूपच.