केशर : खरे, खोटे आणि घरचे उपयोग



ऊस सोडून यावेळी केशरावर लिहीत आहे, त्याला कारण आहे. गटसभांतून एक प्रश्न वारंवार येऊन राहिला आहे : "साहेब, टनावर किती दिवस मोजायचं? केशराला किलोमागे लाखांत भाव आहे म्हणतात, बियाणंही मिळते." दुसरी गोष्ट घराघरांतली. गर्भार सुनेला केशर दिले की लेकरू गोरे होते, असा समज आहे. दोन्हीत पैसा आपलाच जातो. म्हणून ही माहिती.

केशर कशाला म्हणतात?

केशराचे झाड लहान, कांदा-लसणासारखे कंदाचे. जांभळ्या फुलात लाल रंगाचे तीन तंतू असतात, तेच केशर. आपल्या देशात ते मुख्यतः काश्मीरमध्ये पांपोर भागात आणि किश्तवाडला होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी फुले हाताने खुडून तंतू वेगळे करतात. एक किलो वाळलेल्या केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. भाव चढा आहे तो यामुळे. काश्मिरी केशराला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जगात सर्वांत जास्त केशर इराणमध्ये पिकते.

बियाण्याचा बाजार

आता नीट ध्यानात घ्या. केशराला बी धरतच नाही. लागवड फक्त कंदापासून होते. तेव्हा कोणी "केशराचे बी" घेऊन दारात आला, की तो फसवतो आहे असे खुशाल समजावे. महाराष्ट्रात "अमेरिकन केशर" या नावाने जे बी विकले गेले ते साध्या करडईचे. पांढरे, चकचकीत बी, काटेरी बोंड, पिवळी-नारिंगी फुले. मराठवाडा-सोलापूरकडचा कोणीही शेतकरी लगेच ओळखेल. करडई वाईट नाही. तिचे तेल चांगले, वाळलेल्या पाकळ्यांचाही उपयोग आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने तर बिनकाट्याचे वाणही काढले आहेत. पण करडईला करडईचाच भाव मिळणार, केशराचा नाही. आणि पाणी धरून ठेवणाऱ्या आपल्या धानाच्या बांधीत तिची मुळे सडतात, हेही विसरू नये.

खऱ्या केशराला हिवाळ्यात कडक थंडी आणि निचऱ्याची उंचावरची जमीन लागते. भंडाऱ्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. काही ठिकाणी बंद खोलीत थंडावा राखून केशर घेतात, पण त्यात कंद, यंत्रे आणि वीज यांचा खर्च मोठा आहे. नव्या पिकाचे बियाणे घेताना पक्की पावती घ्यावी आणि आधी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

खरे कसे ओळखावे?

कोमट पाण्यात दोन काड्या टाकाव्यात. खरे केशर हळूहळू सोनेरी-पिवळा रंग सोडते आणि काडी लालच राहते. खोटे असल्यास पाणी तत्काळ लाल होते, काडी पांढरी पडते. वास गोडसर, पण जिभेवर चव किंचित कडू लागली पाहिजे. काडी गोड लागली तर भेसळ समजावी.

वापर आणि हिशेब

एका फुलाच्या तीन काड्या धरल्या तर एका ग्रॅममध्ये साधारण साडेचारशे काड्या येतात. एका वेळेला सहा काड्या वापरल्या तर एक ग्रॅम पंचाहत्तर वेळा पुरते. कोजागिरीचे दूध, श्रीखंड, बासुंदी, साखरभात यांना एवढे पुष्कळ झाले. काड्या थोड्या साखरेबरोबर खलात घोटाव्यात, कोमट दुधात पंधरा-वीस मिनिटे भिजवून मग पदार्थात घालाव्यात. असे केल्याने कमी केशरात जास्त रंग-वास उतरतो. केशर काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे.

प्रकृतीला काय?

आयुर्वेदात केशराला कुंकुम म्हणतात व त्याचे गुण सांगितले आहेत. अलीकडच्या काही छोट्या चाचण्यांत मनाच्या सौम्य उदासीपणात उपयोग दिसला आहे. पण तेवढ्यावरून डॉक्टरचे औषध बंद करू नये. अतिसेवन घातक आहे. पाच ग्रॅमच्या वर विषबाधा होऊ शकते.

लेकराचा रंग आई-बापाकडून येतो, केशराने बदलत नाही. दूध-केशरात पोषण आहे ते दुधाचे. गर्भारपणात केशर जास्त घेणे धोक्याचे आहे, चिमूटभरही रोज घ्यायचे तर डॉक्टरांना विचारावे. केशरावर खर्च होणारा पैसा डाळ, अंडी, पालेभाजीवर लावावा. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नेमाने घ्याव्यात. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण आहे, तेव्हा ती तपासणी चुकवू नये.

रोजच्या रंगाला आणि चवीला धुऱ्यावरची चार झाडे हळद पुरेशी आहे. केशर सणापुरते, ग्रॅमने घ्यावे. एकराने लावायला आपल्याकडे ऊस आणि धान आहेच.

— ऊस विकास अधिकारी