सुईला घाबरणारा सुपरहिरो

सुई दिसली की पोटात गोळा येतो? ऑफिसमध्ये ब्लड डोनेशन कॅम्प लागला की नेमकी त्याच वेळी 'अर्जंट' मीटिंग आठवते? मग या आजोबांशी तुमची ओळख व्हायलाच हवी. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी आयुष्यात १,१७३ वेळा हातात सुई टोचून घेतली आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. भीती वाटायची ना! सुई आत जाताना ते छताकडे बघायचे, नाहीतर नर्सशी गप्पा मारायचे.

१७ फेब्रुवारी २०२५ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, झोपेतच ते गेले. ना नेता, ना फिल्मस्टार. साधी नोकरी करणारा माणूस. तरी त्यांच्या जाण्याची बातमी जगभर झाली. का?

उधारी फेडायची म्हणून

गोष्ट १९५१ ची. चौदा वर्षांच्या जेम्सचं छातीचं मोठं ऑपरेशन झालं, एक फुफ्फुस काढावं लागलं. अनोळखी लोकांनी दिलेल्या रक्तावर पोरगा वाचला. तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं, अठराचा झालो की आपणही द्यायचं. आणि १९५४ मध्ये तो खरंच रेड क्रॉसच्या दारात हजर झाला!

पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं, की याच्या प्लाझ्मात 'अँटी-डी' नावाची दुर्मीळ अँटिबॉडी भरपूर आहे. आता ही काय भानगड? आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्यावर तिचं शरीर त्यांना शत्रू समजू लागतं. पहिलं बाळ बहुतेकदा सुखरूप असतं. पण पुढच्या खेपेला आईच्या अँटिबॉडीज पोटातल्या बाळावरच तुटून पडतात. अँटी-डीचं इंजेक्शन वेळेवर मिळालं, तर हे युद्ध सुरूच होत नाही.

१९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या दात्यांमध्ये हॅरिसन होते. त्यांच्या प्लाझ्मामुळे सुमारे २४ लाख बाळं वाचली असावीत, असा तिथल्या रक्तसेवेचा अंदाज आहे. गंमत म्हणजे, त्यांच्या स्वतःच्या लेकीलाही गरोदरपणात हेच इंजेक्शन घ्यावं लागलं. आजोबांची देणगी घरच्याच नातवंडांच्या कामी आली!

नो एक्स्क्यूज

प्लाझ्मा देणं म्हणजे पाऊणएक तास खुर्चीत बसणं. रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढून घेतात, लाल पेशी परत शरीरात सोडतात. त्यामुळे दर दोन आठवड्यांनी देता येतो. हॅरिसन यांनी हे केलं तब्बल ६४ वर्षं. पैसे? शून्य. तिथे दात्यांना मोबदला देतच नाहीत. नोकरी, संसार, सुट्ट्या, पत्नीचं निधन... अपॉइंटमेंट मात्र चुकली नाही. ११ मे २०१८ ला, ८१ व्या वर्षी, वयाच्या नियमामुळे त्यांना थांबावं लागलं. त्या दिवशी सिडनीच्या केंद्रात आया आपापली बाळं कडेवर घेऊन आल्या होत्या. आजोबांना तर अजून द्यायचं होतं!

आपण 'समाजासाठी काहीतरी करायचंय' म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर काय असतं? मोठा प्रोजेक्ट, नोकरी सोडणं, एकदाच काहीतरी धडाकेबाज. हॅरिसननी नोकरी सोडली नाही, संस्था काढली नाही. फक्त पुढची तारीख पाळली. कौतुक त्या अँटिबॉडीचं नाहीच, ती तर योगायोगानं मिळाली. कौतुक आहे ते अकराशेव्या वेळीही, पोटात गोळा घेऊन, खुर्चीत जाऊन बसण्याचं.

अँटी-डी प्रयोगशाळेत तयार करायचे प्रयत्न ऑस्ट्रेलियात सुरू आहेत. त्या संशोधनाला लाडानं 'जेम्स इन अ जार' म्हणतात. पण सध्या तरी हे औषध येतं ते माणसांच्याच हातातून. तिथे त्यासाठी जेमतेम दोनशे दाते आहेत.

आपल्याकडे अठरा ते पासष्ट वयात, तब्येत ठणठणीत असेल तर, पुरुषांना दर तीन आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. एका वेळी साधारण ३५० मिलिलीटर, वर चहा-बिस्किट. सुई बघायची सक्ती नाही. छत आहेच की!