पालखीचे चित्रण आणि घरचा संगणक

बुरोंडी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारीचे गाव असून, कोकणातील इतर गावांप्रमाणे याही गावाचे मुंबईशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात, ग्रामदेवतेची पालखी नाचते, नमन-खेळे होतात, आणि या सगळ्याचे चित्रण आता कोणा व्यावसायिकाची वाट न पाहता घरातलीच मुले खिशातल्या फोनवर करतात. फोनच्या पडद्यावर हे चित्रण नितळ दिसते. तेच घरच्या जुन्या संगणकावर उतरवून लावले की चित्र अडखळू लागते, ढोलाचा आवाज पुढे निघून जातो आणि पालखी मागे राहते. अशा वेळी प्रोसेसर बदलून घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो, आणि तो का चुकीचा असतो हे समजण्यासाठी व्हिडिओ पडद्यावर उमटतो कसा, इथून सुरुवात करावी लागते.

पडद्यावरचे चित्र चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. मराठी नाटकांच्या व्हीसीडी घरोघरी चालत त्या काळात एका चित्रचौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदू असत. डीव्हीडीत ते चार लाखांच्या वर गेले. आज ज्याला फुल एचडी म्हणतात त्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात, आणि फोरके चित्रात त्याच्याही चौपट. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदवायला २४ बिट लागतात असे धरले आणि सेकंदाला २५ चौकटी मोजल्या, तर फुल एचडीच्या केवळ एका तासाच्या चित्रणाला सुमारे ५६० गीगाबाइट जागा लागेल. इतकी माहिती कोणी साठवत नाही की पाठवत नाही. ती दाबून, आटोपशीर करून ठेवली जाते आणि पाहताना पुन्हा उलगडली जाते. दाबण्या-उलगडण्याच्या या ठरलेल्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सेकंदाला आठ मेगाबिट या दराने दाबलेले तेच तासाभराचे चित्रण साडेतीन गीगाबाइटच्या आसपास मावते, म्हणजे मूळ माहितीचा जेमतेम दीडशेवा भाग शिल्लक राहतो.

हे साधते ते चौकटी-चौकटींमधल्या साम्यामुळे. बुरोंडीच्या किनाऱ्यावर कॅमेरा स्थिर ठेवून बंदरात येणारी होडी टिपली, तर आकाश, डोंगर आणि माडांची रांग पुढच्या चौकटीत जवळजवळ तशीच राहते. म्हणून कोडेक एक चौकट पूर्ण नोंदवतो आणि पुढच्या चौकटींसाठी ‘हा तुकडा इतके बिंदू डावीकडे सरकला’ एवढीच नोंद ठेवतो. लाटांचा फेस, धो धो पाऊस किंवा पालखीवर उधळलेला गुलाल यांच्या बाबतीत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, कारण प्रत्येक कण प्रत्येक क्षणी वेगळ्या दिशेने जातो आणि मागच्या चौकटीवरून पुढची सांगता येत नाही. त्यामुळे समुद्राचे आणि शिमग्याचे चित्रण हे दाबायलाही अवघड आणि उलगडायलाही जड असते. फोनवर टिपलेली नेमकी हीच दृश्ये संगणकावर अडकावीत, यात नवल नाही.

उलगडण्याचे काम दोन प्रकारे होऊ शकते. पहिल्या प्रकारात संगणकाचा मुख्य प्रोसेसर, ज्याला कोणतेही काम सांगता येते, तो प्रोग्रॅमच्या सूचना वाचत एकेक पायरी पार पाडतो. दुसऱ्या प्रकारात हे एकच काम करण्यासाठी चिपमध्ये कायमचे कोरलेले वेगळे मंडल असते, त्याला डीकोडर म्हणतात. ते दुसरे काहीही करू शकत नाही, पण हे काम अत्यंत थोड्या विजेत आणि न थकता करते. अधिक गाभ्यांचा, म्हणजे अधिक कोअरचा, प्रोसेसर घेतला की काम वाटले जाईल असे वाटते, आणि अनेक गणिते खरोखरच अशी वाटून घेता येतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रोसेसरांनी मिळून काम करण्याच्या याच तत्त्वावर उभा होता, आणि आजच्या ग्राफिक्स कार्डातील शेकडो छोटे गाभेही त्याच तत्त्वावर चालतात. दाबलेल्या व्हिडिओच्या एका टप्प्यात मात्र प्रत्येक बिटचा अर्थ त्याच्या आधीच्या बिटवर अवलंबून असतो. मागचे वाचल्याशिवाय पुढचे वाचता येत नाही, म्हणून या टप्प्यावर मदतीला कितीही हात आले तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि स्वतंत्र डीकोडर हाच खरा उपाय ठरतो.

याचे लख्ख उदाहरण २००७ मध्ये ग्राफिक्स कार्डांत दिसले. ब्लू-रे तबकड्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि एच.२६४ हा २००३ मध्ये प्रमाणित झालेला कोडेक उलगडताना त्या वेळचे प्रोसेसर घामाघूम होत होते. एनव्हिडिया कंपनीच्या सर्वांत दणकट कार्डांपैकी एक तेव्हा जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे होते, परंतु एच.२६४ संपूर्ण उलगडणारा नवा डीकोडर त्यात नव्हता, तो नंतर आलेल्या आणि कितीतरी स्वस्त असलेल्या ८५०० व ८६०० जीटी या कार्डांत होता. प्रतिस्पर्धी एटीआयच्या बाबतीतही तेच घडले: रेडिऑन एचडी २९०० एक्सटी हे त्यांचे महागडे कार्ड डीकोडरविना निघाले, आणि धाकट्या २४०० व २६०० मध्ये तो होता. खेळांसाठी लागणारी ताकद आणि व्हिडिओ पाहण्यासाठी लागणारी सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सिद्ध झाले आणि आजही ते तितकेच खरे आहे.

त्यानंतर कोडेक पुढे गेले. २०१३ मध्ये एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, आला, तो तेवढ्याच दर्जाचे चित्र एच.२६४च्या सुमारे निम्म्या जागेत बसवतो, पण उलगडायला त्याहून बराच अवघड आहे. त्याच वर्षी गूगलचा व्हीपी९ आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे कोडेक आले, आणि यूट्यूबवरचे फोरके व्हिडिओ या दोहोंतच मिळतात. अॅपलने २०१७ मधील आयओएस ११ पासून आयफोनचे चित्रण एचईव्हीसीमध्ये साठवायला सुरुवात केली, आणि २०२० च्या आयफोन १२ पासून त्यात दहा बिट रंगाची भर पडली. आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, तर दहा बिटमध्ये १०२४; सूर्यास्ताच्या आकाशात रंगांचे पट्टे न पडता तो सलग दिसतो तो यामुळे. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही एचईव्हीसीचा पर्याय असतो. चाकरमान्याच्या नव्या फोनमधला व्हिडिओ गावच्या संगणकावर अडखळतो याचे कारण बहुतेक वेळा इतकेच असते की, हा कोडेक जन्माला आला तेव्हा त्या संगणकातील चिप आधीच तयार होऊन बसली होती.

कोणती चिप काय उलगडते हे पिढीवर ठरते. इंटेलच्या २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच एच.२६४चा चांगला डीकोडर आहे. एचईव्हीसी पूर्णपणे उलगडण्याची सोय २०१५ च्या सहाव्या पिढीत आली, तीही आठ बिटपुरती. दहा बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ यांसाठी सातवी पिढी उजाडावी लागली, आणि डेस्कटॉपवर एव्ही१ २०२१ च्या अकराव्या पिढीत आला. एएमडीच्या ज्या रायझन चिपच्या नावापुढे ‘जी’ असतो, त्यांत २०१८ च्या २२००जी आणि २४००जी पासून एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही आहेत. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यांत चित्राचा भागच बंद असतो, म्हणून असा प्रोसेसर स्वस्त मिळाला तरी वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीही दिसत नाही.

आता समजा, घरात तिसऱ्या पिढीचा कोअर आय३ आहे. त्याच मदरबोर्डवर बसणारा सर्वांत वरच्या श्रेणीतला, २०१२ चा आय७ ३७७० जुन्या बाजारात मिळतो आणि दुकानदार तोच सुचवतो. त्याने संगणक एकूण चपळ होईल, फुल एचडीतला एचईव्हीसी व्हिडिओही निभावून जाईल. पण त्यात एचईव्हीसीचा डीकोडर नसल्यामुळे सेकंदाला ६० चौकटींचा, दहा बिटचा फोरके व्हिडिओ लावला की त्याचे सर्व गाभे पूर्ण ताणाखाली येतील, पंखा घोंघावू लागेल आणि चौकटी गळतील. त्याऐवजी २०१७ मध्ये आलेले एनव्हिडिया जीटी १०३० सारखे छोटे कार्ड जुन्या आय३ सोबतच बसवले, तर तोच व्हिडिओ सुरळीत चालतो, कारण दहा बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे दोन्ही डीकोडर त्यात आहेत. हे कार्ड सुमारे ३० वॉट वीज घेते, तर ते ज्यात बसते ती मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस खाच ७५ वॉटपर्यंत देऊ शकते; म्हणून त्याला वेगळी वायर लागत नाही आणि सहसा एसएमपीएसही, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटीही, बदलावी लागत नाही.

बाजारात सर्वांत मोठी फसगत होते ती इथेच. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे अनेक वर्षे विकली जात आली आहेत. खोक्यावर ‘२ जीबी’, ‘४ जीबी’ असे ठळक छापलेले असते आणि किंमतही आकर्षक असते, पण ती एचईव्हीसी उलगडत नाहीत. कार्डावरील स्मृती वाढल्याने डीकोडर उगवत नाही. नवे म्हणजे सर्वगुणसंपन्न असेही नाही: एएमडीच्या २०२२ मधील आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांत एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, जी त्याच मालिकेतील मोठ्या कार्डांत आहे. अशा चुका ग्राहकाच्या लक्षात येतात त्या माल घरी आल्यावर, आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर घेतलेली वस्तू बुरोंडीहून परत करायला जाणे म्हणजे दोन दिवसांची रोजंदारी बुडवणे होय.

दुखणे नेमके कुठे आहे हे घरीच ओळखता येते. व्हिडिओ चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात पाहावे. जीपीयूखालील, म्हणजे चित्राच्या चिपखालील, ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख हलत असेल तर डीकोडर कामाला लागला आहे, आणि तो शून्यावर राहून सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा शंभर टक्क्यांकडे जात असेल तर सगळा भार प्रोसेसर वाहतो आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइलचा कोडेक कोणता तेही दिसते. कधी डीकोडर असूनही ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि विंडोज यांच्यात संवाद साधणारा प्रोग्रॅम, जुना असल्याने तो निजलेला असतो. तेव्हा एकही रुपया खर्च न करता काम भागते. पडदा फोरके असेल तर केबलचा आणि एचडीएमआय जोडणीच्या आवृत्तीचाही विचार हवा, कारण एचडीएमआय १.४ फोरके चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा पाठवते, ६० साठी एचडीएमआय २.० लागते.

ज्यांना केवळ पाहायचे नाही, तर नमनाचे किंवा लग्नाचे चित्रण कापून-जोडून तयार करायचे आहे, त्यांची गरज वेगळी आहे. तिथे रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर या तिन्हींना महत्त्व असते, आणि जुन्या संगणकावर ठिगळे लावत बसण्यापेक्षा नवा घेणे शहाणपणाचे ठरते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, हाही हिशेब त्यात धरावा.

किनारपट्टीवर आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी शहरातले सल्लागार बोलत नाहीत. दापोली परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत मीठ असते. पंख्याने आत ओढलेली धूळ ही ओल धरून ठेवते आणि जोडणीच्या पट्ट्यांवर थर चढतो. दुरुस्ती करणारे रॅम काढून तिच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने पुसतात आणि बंद पडलेला संगणक सुरू होतो, तो यामुळेच. अशा हवेत पंखा नसलेले, नुसत्या अॅल्युमिनियमच्या पात्यांनी थंड होणारे कार्ड अधिक टिकाऊ ठरते, आणि पावसाळ्यात संगणक झाकून ठेवून देण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू करणे हिताचे असते, कारण त्याच्या उष्णतेने आतली ओल उडते. विजेचे तर काय सांगावे! ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि एरवीही पावसात लाईट जाते-येते तेव्हा व्होल्टेज खाली-वर होते. म्हणून दोनशे वॉट खाणाऱ्या कार्डापेक्षा तीस वॉटचे कार्ड आणि उरलेल्या पैशांत एक बरा यूपीएस, हीच निवड इथे योग्य आहे.

खरेदीला जाण्यापूर्वी मदरबोर्डचा क्रमांक, प्रोसेसरचे पूर्ण नाव, एसएमपीएसवरचा वॉटचा आकडा आणि कॅबिनेटची उंची कागदावर लिहून घ्यावी, कारण बुटक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. सोबत पेनड्राइव्हवर आपल्याच फोनमधला, अडखळणारा व्हिडिओ न्यावा, दुकानातल्या संगणकावर हवे ते कार्ड लावून तो चालवून पाहावा, टास्क मॅनेजरमधला डीकोडचा आलेख हलताना डोळ्यांनी पाहावा, आणि मगच पैसे द्यावेत.